एक ब्रास म्हणजे किती?

तर झालं असं, की गेल्या महिन्यात एका विकांताला मी गावी गेलो होतो. गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या अलीकडे. नदी ओलांडली की दौंड तालुका. आमच्या घरापुढचं अंगण पावसाळ्यात असं होतं, की पाय पुढे जातो आणि चप्पल मागे राहते. बाबांचं म्हणणं, सरळ काँक्रीट करून टाकू. मी म्हटलं, नको, पाणी मुरलं पाहिजे. खडी टाकू, मध्ये चालायला फरशीचे तुकडे बसवू, कडेने चार झाडं लावू. (हापिसातल्या एकाच्या बंगल्याचे फोटो पाहिले होते, त्याचा परिणाम.) आई म्हणाली, "आणि खडीवरून झाडू कसा मारायचा?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. :)

असो. खडी मागवायची तर ती किती मागवायची, हा पहिला प्रश्न. इंजिनिअरिंगची चार वर्षं कधीतरी कामाला येणार म्हणून कागद-पेन घेऊन बसलो. अंगण ४० फूट लांब, १५ फूट रुंद. म्हणजे ६०० चौरस फूट. थर ४ इंचांचा, म्हणजे एक तृतीयांश फूट. गुणाकार केला की २०० घनफूट. आपल्याकडे खडी, वाळू, मुरूम, माती, सगळं ब्रासवर मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, मेट्रिकमध्ये २.८३ घनमीटर. बांधकामाची बाकीची दुनिया मिलिमीटरवर गेली, पण ब्रास काही हलला नाही. महसूल खात्याची रॉयल्टीसुद्धा ब्रासवरच असते. म्हणजे हिशोब सोपा: दोन ब्रास.

पण इतकं सोपं नसतं. खडीच्या ढिगात सगळी खडीच नसते. दगडांच्या मधल्या पोकळ्या धरल्या तर सुट्या ढिगाचा साधारण ४० ते ४५ टक्के भाग ही निव्वळ हवा असते. म्हणजे एक ब्रास खडी विकत घेतली की त्यात ५५-६० घनफूट दगड आणि बाकीची हवा, तीही दगडाच्या भावाने. पसरली, पाय पडले, गाडी फिरली की ही खडी बसते. खाली आमच्यासारखी काळी माती असेल तर तळातले दगड ती खाऊन टाकते. म्हणून हिशोबावर वीस-पंचवीस टक्के धरावेच लागतात. दोनचे झाले अडीच. कडेला, झाडांच्या बुंध्याशी थोडी लागेल म्हणून मी तीन ब्रास सांगितली. फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी टिपर आला, मागचा डाला वर झाला आणि धुरळा उडवत अंगणात ढीग पडला.

आजी ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. तिने ढिगाकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "किती सांगितली व्हती?"

"तीन ब्रास."

"आडीच हाय." आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

मी हसलो. आजी शाळेत गेलेली नाही. पण शंका डोक्यात शिरली ती शिरलीच, म्हणून दोरी आणि टेप आणला. ढीग साधारण शंकूसारखा असतो. त्याच्या बुडाभोवती दोरी फिरवायची, मधली उंची काठी लावून बघायची. परिघाचा वर्ग गुणिले उंची, भागिले ३८, घनफूट मिळतात. (३८ म्हणजे १२ गुणिले पाय. शाळेतलंच सूत्र आहे, फक्त त्रिज्या मोजायला ढिगात शिरता येत नाही म्हणून परिघावरून मांडलेलं.) परिघ भरला ४४ फूट, उंची ५ फूट. उत्तर आलं २५५ घनफूट. आडीच हाय!

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, खाणीवर तीन भरली व्हती. वाटेत बसली असंल." आता यात तथ्य नाही असं नाही. खड्ड्याखड्ड्यातून पंचवीस-तीस किलोमीटर आदळत आलेली खडी बसतेच. पण पंधरा टक्के? आजी म्हणाली, "आमचा मुकादम बी हेच म्हनायचा. बसली."

"कुठला मुकादम?"

"बहात्तरचा."

अंगण तिथेच राहिलं. ती दुपार आजीजवळ गेली, आणि पुढचे दोन विकांत पुस्तकं चाळण्यात.

सुरुवात जरा लांबून करतो. ज्याला आपण खडी म्हणतो ती मुळात रस्त्यासाठी जन्माला आली. १८१६ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलजवळच्या रस्त्यांची जबाबदारी जॉन लाउडन मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश माणसाकडे आली. त्याआधी चांगला रस्ता म्हणजे खाली मोठमोठे धोंडे, वर बारीक, असा समज होता. मॅकॅडम म्हणाला, धोंड्यांची गरजच नाही. सारख्या मापाचे, कोपरे असलेले छोटे दगड पसरा; चाकांच्या दाबाने ते एकमेकांत घट्ट अडकतात. त्याची अट होती की कुठलाही दगड सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा, जड नको. नदीतला गुळगुळीत गोटा इथे चालत नाही, कारण तो घसरतो. दगड फोडलेलाच हवा. आणि फोडणार कोण? बसून, छोट्या हातोडीने, बायका, म्हातारी माणसं आणि मुलं. सर्वात स्वस्त मजुरी ती. म्हणजे या रस्त्याच्या तंत्रातच ती मजुरी धरलेली होती.

हे तंत्र कंपनी सरकारबरोबर इकडे आलं. दख्खनमध्ये दगडाला काय तोटा! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा, आपला काळा पाषाण, हवा तितका पडलेला. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. पुढे पुणे-नगर, पुणे-सोलापूर असे रस्ते खडीचे झाले. मग १८५० च्या दशकाच्या शेवटी पुण्याहून सोलापूरच्या दिशेने रेल्वे निघाली, ती दौंडवरून. रुळाखाली पुन्हा खडीच. डबर फोडून खडी करणं हे वडार समाजाचं पिढीजात कसब होतं. घण कुठे मारला की दगड कसा उलतो, हे त्यांच्या हातांना कळायचं. शेतकऱ्याच्या हाताला ते माहीत नव्हतं. ते माहीत करून दिलं दुष्काळाने.

१८७६ चा पाऊस गेला. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, म्हणजे शिरूर, इंदापूर आणि भीमथडी (आजचे दौंड-बारामती त्यात होते), सगळ्यात जास्त होरपळला. लोक आधीच कर्जात बुडालेले. वर्षभरापूर्वीच, १२ मे १८७५ ला, याच भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली होती आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं होतं. त्यावर हा दुष्काळ. सरकारने कामं काढली: तलाव, कालवे, रस्त्याची खडी, आणि दौंडपासून मनमाडपर्यंत रेल्वेचा भराव. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्याच्या मातीकामात उपाशी माणसांचे हात आहेत. आज नगर-शिर्डीकडे जाणारी गाडी दौंड सोडून भीमेचा पूल ओलांडते, तेव्हा आपण त्यांच्याच भरावावरून जात असतो. मी शाळेच्या सहलीत त्या गाडीने गेलो होतो. कुणी सांगितलं नव्हतं.

आता या कामांवर मजुरी किती द्यायची? इथे आले सर रिचर्ड टेंपल. १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळात त्यांनी भरपूर धान्य आणून माणसं वाचवली होती आणि त्याबद्दलच 'फार खर्च केला' म्हणून टीका ओढवून घेतली होती. त्यामुळे १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉयचे प्रतिनिधी म्हणून दक्षिणेकडे निघालेले टेंपल काटकसर सिद्ध करायला निघाले होते. मुंबई इलाख्यातही त्याच महिन्यात मजुरीचे नियम कडक झाले. धडधाकट माणसांना इंजिनिअरांच्या देखरेखीखालच्या मोठ्या कामांवर पाठवायचं आणि तिथे पुरं माप घ्यायचं. मामलेदार-कलेक्टरांच्या देखरेखीखालच्या हलक्या कामांवर पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा. बायका-मुलांना त्याहून कमी.

एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. ज्वारी धरली तर साधारण १५०० ते १६०० कॅलरी. आमच्या जिममधला ट्रेनर मला, म्हणजे दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला, वजन कमी करायला जेवढं खायला सांगतो, त्याहूनही हे कमी. आणि एवढ्यावर दगड फोडायचे.

लोकांनी काय केलं? कामावर जाणं सोडलं. हजारोंच्या संख्येने मजूर या नव्या दराला नकार देऊन कामांवरून निघून गेले. उपाशी माणसांचा संप! पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) आणि त्यांच्यामागे उभे असलेले न्यायमूर्ती रानडे यांनी, जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती गोळा करून सरकारला पाठवली आणि ही मजुरी पोटाला पुरत नाही हे आकडे देऊन मांडलं. हे वाचताना मला विशेष वाटलं. भाषणं नाहीत, घोषणा नाहीत. धान्याचा भाव किती, मजुरी किती, वजाबाकी करा. टेंपल मात्र त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले. १८७६-७८ च्या या दुष्काळात देशभरात पन्नास लाखांहून अधिक माणसं मेली.

पुढे १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, १८८३ मध्ये 'फॅमिन कोड' आला. कुणाला काम द्यायचं, किती माप घ्यायचं, किती मजुरी द्यायची, याचे नियम छापील झाले. राजवट बदलली तरी त्या नियमांचं वळण राहिलं. कागद तेच: हजेरीपट, मेजरमेंट बुक, मुकादम, कारकून, आणि रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग.

आणि मग १९७२. १९७० पासूनच पाऊस लहरी होता, बहात्तरला तो जवळपास आलाच नाही. आजीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. माहेर दौंडकडचं, रुळालगतचं, सासर इकडे. विहीर आटली, बैलजोडी विकली, आजोबा आणि आजी दोघंही रस्त्याच्या कामावर गेले. आजी सांगते ते असं:

"सकाळी भाकरी बांधून जायचं. भाकरी तरी कशाची, त्या लाल मिलोची. डबर पुढ्यात टाकायचे. डाव्या पायाच्या आंगठ्यात दगड दाबून धरायचा न् हातोडी मारायची. पयल्या आठ दिवसात बोटं सुजली, चिंध्या बांधल्या. कपरी डोळ्यात जायच्या. ही बघ." तिच्या भुवईवर एक पांढरी रेघ आहे. लहानपणापासून पाहतोय, कधी विचारलं नव्हतं.

"पगार दिवसावर न्हवता. ढिगावर. आठवड्यानी साहेब यायचा, चौकट लावून मोजायचा. आम्ही ढीग पोकळ रचायचो, मोठं दगड कडंला उभं करून." म्हणजे पोकळ्यांची टक्केवारी वाढवायचो, हे मी मनात भाषांतर केलं. "मंग मुकादमाला कळलं. त्यो ढिगावर चढून नाचायचा. खडी बसायची. मग म्हनायचा, बसली, आता एवढीच भरती. शनवारी मापाच्या आधी म्या नुसतं बघून सांगायची, आज किती भरल. चुकलं तर पोरास्नी कमी न्हवं का पडायचं."

मी सकाळी कागदावर जी ४०-४५ टक्के हवा मांडली होती, तिच्यावरून इथे दोन पक्षांत ओढाताण चालायची. ढिगात हवा जास्त धरली तर सरकारचं नुकसान, कमी धरली तर भाकरीचं. बरं, मुकादम वाईटच होता असंही आजी म्हणत नाही. "त्यालाबी वरून बोलनं खावं लागायचं." त्याच्या मेजरमेंट बुकाचा हिशोब वर कुणीतरी तपासत होतंच. फक्त शेवटची पोकळी कुणाच्या पोटात जायची ते ठरलेलं होतं.

या कामांचा आवाका प्रचंड होता. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ४९ लाख माणसं होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास; म्हणजे दहातला एक माणूस कामावर. त्यात बायका फार मोठ्या संख्येने. कामावर पोरांना सुकडी मिळायची. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, सुकडीची चव सांगतील. टीकाही झाली, की लागणार नाही इतकी खडी फोडून ठेवली, त्यापेक्षा पाझर तलाव, नालाबंडिंग करा. टीका बरोबरच होती. पण खडीचा एक गुण होता: उद्या सकाळी शंभर माणसं जास्त आली तरी नकाशा, यंत्र, परवानगी काही लागत नाही. शंभर हातोड्या आणा. १८७७ शी तुलना केली तर फरक डोळ्यांत भरतो. पाऊस तसाच गेला होता, खडी तशीच फुटत होती, मापावरून भांडणं तशीच होती. पण यावेळी लाखो माणसं मेली नाहीत. मागेल त्याला काम मिळालं, आणि रेशन, पाणी, बाहेरून आलेलं धान्य यांनी वेळ मारून नेली. मतदान करणाऱ्या माणसांना एक पौंड आणि अर्धा आणा सांगता येत नव्हता.

याच काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे एक कल्पना लावून धरत होते: काम हा उपकार नको, हक्क हवा. त्यातून रोजगार हमी योजना आली. १९७२ मध्ये ती राज्यभर जाहीर झाली, दुष्काळी कामं ओसरल्यावर पुन्हा उभी राहिली, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मजुरी कामाच्या मापावर, पुरुष आणि बाईला एकच दर. शेतावर बाईची मजुरी कायम कमी असायची, त्या मानाने ही केवढी मोठी गोष्ट! पुढे २००५ मध्ये केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

आता मंडळी, तुमची पे-स्लिप उघडा. कपातींच्या रकान्यात पी.टी. म्हणून २०० रुपये दिसतील, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. मीही इतकी वर्षं 'हे काय उगाच' म्हणून दुर्लक्ष करत होतो. हा व्यवसाय कर. महाराष्ट्रात तो १९७५ च्या कायद्याने आला, तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरात पगार घेणाऱ्यांनी, गावात दगड फोडणाऱ्यांच्या मजुरीसाठी दिलेला वाटा. म्हणजे हिंजवडीच्या एसीत बसून मी दर महिन्याला ज्या कराला नाक मुरडत होतो, त्याचा उगम माझ्याच आजीच्या ढिगापाशी होता. तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "दोनशेच?"

आज खडी हाताने फोडली जात नाही असं नाही, पण आपल्यापर्यंत पोचते ती क्रशरची. खाणीत सुरुंग, मग जबड्याचं यंत्र, मग चाळण्या. दीड इंची, पाऊण इंची, कच, डस्ट, सगळं वेगळं होऊन पट्ट्यावरून खाली पडतं. बोटांना चिंध्या नाहीत, हे चांगलंच झालं. खाणींची धूळ आणि हादरे हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.

तुम्हाला खडी मागवायची असेल तर माझ्या अनुभवातून चार गोष्टी. लांबी, रुंदी, जाडी फुटांत गुणा, शंभराने भागा, वीस-पंचवीस टक्के वाढवा. टिपर रिकामा व्हायच्या आधी डाल्याची आतली लांबी-रुंदी आणि मालाची उंची मोजा. शक्य असेल तर वजनकाट्याची पावती मागा: दगड बसतो पण त्याचं वजन बसत नाही. आपल्या काळ्या पाषाणाची एक ब्रास सुटी खडी साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरते. आणि यातलं काही जमलं नाही तर घरात सत्तरीच्या पुढची कुणी असेल तिला ओट्यावर बसवा. :)

आमच्या ढिगाचं पुढे काय झालं? मी आकडे सांगितल्यावर ड्रायव्हरने मालकाला फोन लावला, थोडी घासाघीस झाली आणि संध्याकाळी उरलेली अर्धी ब्रास आली. मला जिंकल्यासारखं वाटत होतं. आजी उठून आली, ढिगातला एक दगड उचलला, हातात फिरवला, त्याच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि परत टाकला.

"चांगली फुटलीया," म्हणाली, आणि ड्रायव्हरला चहा ठेवायला आत गेली.